गाडी सुरू करू नका

अपघात झालेल्या गाडीचे फोटो काढायची एक रीत आहे. चारही कोपऱ्यांतून एकेक, नंबर प्लेट नीट वाचता येईल असा समोरून एक, चेसिस नंबरचा एक, किलोमीटरचा आकडा दिसेल असा डॅशबोर्डचा एक, आणि मग जिथे मार लागलाय तिथला आधी लांबून, नंतर जवळून. वर्कशॉपमधला कुणीतरी हे सगळे मोबाईलवर काढतो, अपलोड करतो, आणि थोड्या वेळाने ते बडोद्यात आमच्या घराच्या मागच्या खोलीत माझ्यासमोर उघडतात. गाडी धुळ्यात असते, नाहीतर सोलापुरात, वापीत, खंडव्यात. ती मी कधीच प्रत्यक्ष पाहणार नसते. तिचा बॉनेट बदलायचा की ठोकून सरळ करायचा, हेडलाईट नवा द्यायचा की नाही, वर्कशॉपच्या एस्टिमेटमधली कुठली ओळ मान्य आणि कुठली नाही, हे त्या फोटोंवरून आणि सोबतच्या कागदांवरून ठरवायचं. वाहन विम्याच्या क्लेमचं काम घरून करणं म्हणजे मुख्यतः हे.

२०२० च्या मार्चपर्यंत मी याच कामासाठी अलकापुरीतल्या ऑफिसात जात होते, आणि अधूनमधून आमच्या सर्व्हेअरबरोबर, म्हणजे गाडीचं नुकसान तपासणाऱ्या माणसाबरोबर, मकरपुऱ्याच्या, छाणीच्या वर्कशॉपांत. तिथे गाडीला हात लावता यायचा. दार आणि खांब यांच्यातली फट बोटाने चाचपली की कळायचं, मार नुसता पत्र्याला लागलाय की आत सांगाड्यापर्यंत गेलाय. दार लावतानाचा आवाज बिघडलेला असला की फोरमन माझ्याकडे बघायचा आणि मी त्याच्याकडे. पोच्याच्या घडीत गंज धरलेला असेल तर तो पोचा कालचा नाही, हे कुणी सांगावं लागायचं नाही. आणि बाजूला मालक उभा असायचा. तो काय बोलतो याहून तो गाडीकडे कसा बघतो यावरून पुष्कळ उमगायचं. लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप घरी आले, पुढे अलकापुरीतली जागा कंपनीने सोडून दिली, क्लेमचा सगळा विभाग मुंबईहून चालायला लागला आणि आम्ही आपापल्या घरीच राहिलो.

याचे फायदे मला मिळाले आणि ते मी नाकारणार नाही. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा नोकरी सोडावी लागली नाही. मुलाचं दहावीचं वर्ष त्याच्याजवळ राहून काढता आलं. वर्कशॉपच्या उन्हात उभं राहणं संपलं. ज्या बायकांना लग्नानंतर, मूल झाल्यावर हे क्षेत्र सोडावं लागलं असतं अशा कितीतरी जणी आज घरून हे काम करताहेत आणि उत्तम करताहेत. त्यांच्याबद्दल मला फार आपुलकी वाटते.

मागच्या खोलीचं दार मात्र लावून घ्यावं लागतं. पॉलिसीधारकाचं नाव, पत्ता, लायसन्स, बँकेचा खाते नंबर, सगळं स्क्रीनवर असतं आणि ते घरच्यांच्याही नजरेला पडता कामा नये. जेवायला बाहेर आले की सासूबाई विचारतात, “आज कुणाची गं?” मी नाव सांगत नाही, गाव सांगत नाही. “एका शिक्षकांची,” म्हणते, “झाडाला आपटली.” त्यावर त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, “लागलं नाही ना कुणाला?” गाडी कुठली, केवढ्याची, किती नुकसान, यातलं काहीच त्यांना नको असतं. क्लेम फॉर्ममध्ये हा प्रश्न बराच खाली येतो. आधी पॉलिसी नंबर, मग गाडीचा तपशील, मग चालकाचा, मग अपघाताची तारीख, वेळ, जागा. फॉर्म तसाच राहणार, पण फोनवर मी आता सासूबाईंचा प्रश्न सगळ्यात आधी विचारते. पलीकडचा माणूस क्षणभर गप्प होतो आणि मग मोकळेपणाने बोलायला लागतो. विमा कंपनीकडून पहिला प्रश्न हा येईल असं त्याला वाटलेलं नसतं.

फोन करणं ही या कामातली सक्तीची गोष्ट नाही, हे इथे सांगायला हवं. सक्ती आहे ती रांगेची. सकाळी लॉगिन केलं की फायलींची रांग समोर असते. एकेक फाईल उघडायची, आणि तीन गोष्टींपैकी एक करायची: मंजूर करायची, नामंजुरीसाठी वर पाठवायची, किंवा क्वेरी टाकायची. कागद कमी असला, फोटो अस्पष्ट असला, तारीख जुळत नसली की क्वेरी. क्वेरी टाकली की आमच्या बाजूचं घड्याळ थांबतं. फाईल ठरलेल्या वेळेत निकालात काढायची असते, पण क्वेरीचं उत्तर येईपर्यंतचा वेळ आमच्या नावावर धरला जात नाही. दिवसाच्या हिशेबात क्वेरी टाकलेली फाईलही ‘काम केलेली’ म्हणून मोजली जाते. दहा मिनिटं फोनवर बोलून तीच अडचण सोडवली तर ती दहा मिनिटं कुठेच मोजली जात नाहीत.

धुळ्याकडच्या एका रिक्षाची फाईल माझ्याकडे आली होती. समोरचा चिमटा वाकलेला, काच फुटलेली, मडगार्ड चेपलेलं. क्लेम तसा सरळ होता. रिक्षा म्हणजे भाड्याने चालणारं वाहन, तेव्हा तिला परमिट लागतं, फिटनेस सर्टिफिकेट लागतं, चालकाचा बॅज लागतो. सगळं जोडलेलं होतं, फक्त फिटनेसच्या कागदावर तारखेच्या जागी फोटोत उजेडाचा डाग पडला होता. तारीख वाचता येत नाही, म्हणजे क्वेरी. ती वर्कशॉपला जाणार, वर्कशॉप मालकाला कळवणार, मालक कागद घेऊन येणार, पुन्हा फोटो, पुन्हा अपलोड. मध्ये रविवार होता.

बोट क्वेरीच्या बटणावर असतानाच मी रिक्षाच्या आतल्या भागाचा फोटो पुन्हा पाहिला. मागच्या सीटखाली, जिथे पाय ठेवतात तिथे, प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्या पडल्या होत्या. एक गुलाबी, एक निळी, एकीवर कार्टूनचं स्टिकर. शाळेची रिक्षा. आता शाळेची रिक्षा बंद पडली की काय होतं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. दोन दिवस आईबाप स्वतः मुलांना पोचवतात, तिसऱ्या दिवशी दुसरी रिक्षा लावतात, आणि ती लावली की लावली. महिन्याचं बांधलेलं गिऱ्हाईक जातं. गाडी बंद असल्यामुळे बुडालेली कमाई वाहन विम्यात धरलीच जात नाही. पॉलिसी पत्र्याचे पैसे देते, दिवसांचे देत नाही.

मी नंबर लावला. “दादा, कुणाला लागलं नाही ना?” “नाही ताई, पोरं उतरली होती नुकती.” कागद त्याच्या खिशातच होता. सावलीत धरून फोटो काढायला सांगितला आणि त्याने फोन ठेवायच्या आत पाठवला. तारीख चालू होती. फाईल त्याच दुपारी मंजूर झाली.

हा काही चमत्कार नव्हे. वर्कशॉपला गेले असते तर मी हात पुढे केला असता, त्याने कागद दिला असता, इतकंच. लांब बसल्यामुळे जे सहज व्हायचं ते आता ठरवून करावं लागतं, आणि ठरवून करणाऱ्याला त्या वेळाची भरपाई कुठूनच मिळत नाही. माझं म्हणणं इतकंच आहे, पण ते मला फार महत्त्वाचं वाटतं: या कामात फोन हा कामाचाच भाग आहे आणि तो तसा धरला गेला पाहिजे.

संशयाबद्दलही बोललं पाहिजे, कारण संशय घेणं हेही आमचं काम आहे. एकच फोटो दोन क्लेमना जोडलेला सापडतो. जुना गंजलेला पोचा ताज्या अपघातात घुसवलेला असतो. अपघाताच्या तारखेनंतर काढलेली पॉलिसी दिसते. हे पकडायलाच हवं, कारण खोट्या क्लेमचा पैसा शेवटी प्रामाणिक माणसाच्या प्रीमियममधून जातो. पण माझा अनुभव असा आहे की स्क्रीनसमोर संशय जास्त वाढतो. समोर माणूस नसला, आवाज नसला, की प्रत्येक विसंगती लबाडीसारखी दिसायला लागते. एकाने अपघाताची वेळ फॉर्मवर सकाळची आणि वर्कशॉपला रात्रीची सांगितली होती. फोनवर कळलं की गाडी रात्री ठोकली गेली आणि सकाळी क्रेनने आणली. त्याने ‘वेळ’ या रकान्यात गाडी वर्कशॉपला पोचल्याची वेळ लिहिली होती.

मग पैशांचं बोलणं. लोकांना सगळ्यात जास्त राग येतो तो घसाऱ्याचा, म्हणजे भाग वापरून जुना झाला म्हणून जी रक्कम कापतात तिचा. बंपर फुटला, नवा बसवला, बिल पूर्ण भरलं आणि कंपनीने निम्मेच पैसे दिले, हे कसं? साध्या पॉलिसीत रबर, नायलॉन, प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा धरतात, फायबरच्या भागांवर ३० टक्के, काचेवर काहीच नाही. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे: पहिले सहा महिने शून्य, मग ५ टक्के, असं वाढत वाढत दहा वर्षांच्या पुढे ५० टक्के. हल्लीच्या गाड्यांचा बंपर प्लास्टिकचा, म्हणून निम्मे. शिवाय प्रत्येक क्लेममागे ठरावीक रक्कम मालकाने सोसायची असते. १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला १००० रुपये, त्याहून मोठीला २०००. झिरो डेप हे जादा कव्हर घेतलेलं असेल तर घसारा कापला जात नाही, पण ही १०००–२००० ची रक्कम तरीही जाते. हे एवढं फोनवर सांगायला पाच मिनिटं लागतात. समजल्यावर माणूस नाराज असतो, पण फसवलो गेलो असं त्याला वाटत नाही. छोट्या ओरखड्यासाठी क्लेम करू पाहणाऱ्याला मी हेही सांगते की क्लेम घेतलात तर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, शून्यावर येईल. पाच वर्षं क्लेम न घेता तो ५० टक्क्यांपर्यंत चढलेला असतो. हिशेब करा, मग ठरवा.

आता २०२४ च्या ऑगस्टकडे येते.

जन्माष्टमी २६ तारखेला होती. पाऊस आदल्या दिवसापासूनच लागला होता आणि अष्टमीला तो थांबायचं नाव घेईना. बडोद्यात पूर येतो तो दोन बाजूंनी: आकाशातून, आणि वरच्या अंगाला सयाजीरावांच्या काळात बांधलेल्या आजवा सरोवरातून. ज्या तळ्याने शहराला पिढ्यान्‌पिढ्या पाणी पाजलं तेच भरून वाहायला लागलं की ते पाणी विश्वामित्रीत येतं आणि विश्वामित्री शहराच्या मधोमध वळणं घेत जाते. तिची धोक्याची पातळी २५ फुटांची. या वेळी पाणी ३५ फुटांच्या वर गेलं. अकोटा, समा, फतेहगंज, मुजमहुडा, कारेलीबाग, कुठे कमरेइतकं, कुठे पहिल्या मजल्यापर्यंत. आणि नदीत मगरी आहेत हे बडोद्यातल्या लहान मुलालाही माहीत असतं. माणसं पाण्यात पाय घालायला कचरत होती ती खोलीला भिऊन नव्हे.

आमची सोसायटी अकोट्याच्या बाजूला. हुशार लोकांनी संध्याकाळीच गाड्या उड्डाणपुलावर नेऊन लावल्या होत्या. बाकीच्या पार्किंगमध्येच राहिल्या. रात्री पाणी फाटकातून आत यायला लागलं तेव्हा मी जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी राहून प्रत्येकाला एकच गोष्ट ओरडून सांगत होते, मराठी घरांना मराठीत आणि गुजराती घरांना गुजरातीत: गाडी सुरू करू नका. “गाडी चालू ना करता!” शेजारचे भाई हातात किल्ली घेऊन खाली आले होते. चाकं अर्धी पाण्यात. “भाभी, एक वार सेल मारी जोउं?” एकदा स्टार्टर मारून बघू का, असं विचारत होते. मी त्यांच्यासमोर आडवी उभी राहिले.

कारण इंजिन हवा ओढतं. हवा ओढायचं तोंड पाण्याखाली गेलं की ते पाणी ओढतं. सिलिंडरमध्ये पिस्टन वर येतो तेव्हा हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. मग पिस्टनला जोडलेला दांडा वाकतो, कधी तुटतो, कधी इंजिनाचं अंगच फोडतो. बंद उभी असलेली गाडी पाण्यात बुडाली तर तिचं नुकसान सर्वसमावेशक पॉलिसीत पुरामुळे झालेलं म्हणून धरतात. पाण्यात स्टार्टर मारला आणि इंजिन गेलं तर तो ‘नंतर ओढवून घेतलेला’ तोटा ठरतो आणि इंजिनाचं वेगळं कव्हर घेतलेलं नसेल तर एक रुपया मिळत नाही. इंजिनाचा खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. सगळा फरक त्या एका किल्लीत असतो. पाणी ओसरल्यावरही तेच. चिखल वाळला, वरून गाडी कोरडी दिसली, तरी आत पाणी असतं. बॅटरीची वायर काढा, किल्लीला हात लावू नका, क्रेनने वर्कशॉपला न्या. हे सगळं मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहून टाकलं, आणि लोकांनी ते पुढे कुठल्या कुठे पाठवलं.

शेजारच्या भाईंचं इंजिन वाचलं. दुसऱ्या विंगमधल्या एकांनी माझा मेसेज पोचायच्या आधीच सेल्फ मारला होता. त्यांच्या पॉलिसीत इंजिनाचं कव्हर नव्हतं. ते माझ्याकडे आले, समोर बसले, आणि मला त्यांना काहीही वेगळं सांगता आलं नाही.

लाईट बरेच दिवस नव्हती. मी लॅपटॉप घेऊन माहेरी जुन्या शहरात गेले आणि तिथून कामाला लागले. आमच्या सोसायटीच्या फायली मी पाहणार नाही हे कंपनीला लिहून कळवलं. ओळखीच्या माणसाची फाईल आपण बघायची नसते. पण बाकी शहराच्या फायली रांगेत येत होत्या आणि रांग कधी नव्हे इतकी लांब होती. सर्व्हेअर मोजके, क्रेन मोजक्या, वर्कशॉपांबाहेर चिखलाने माखलेल्या गाड्यांच्या ओळी. म्हणून पुष्कळ फायली नुसत्या फोटोंवरच चालल्या होत्या.

पुराच्या गाडीत पाणी कुठवर चढलं हा सगळ्यात मोठा प्रश्न असतो. गालिच्यापर्यंत, सीटपर्यंत की डॅशबोर्डपर्यंत, यावर सगळं अवलंबून. डॅशबोर्ड बुडाला की वायरिंग गेलं, इलेक्ट्रॉनिक्स गेलं, आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा उतरवलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की टोटल लॉस, म्हणजे गाडी पूर्ण गेली असं धरायचं. त्यासाठी खुणा शोधायच्या. हेडलाईटच्या काचेत आतून उमटलेली रेघ. एअर फिल्टरचा कागद ओला की कोरडा. ऑईल तपासायची काडी ओढून काढली तर तेल दुधाळ झालंय का.

यातली एक फाईल समा भागातली. मालकांनी लिहिलं होतं, पाणी सीटच्या वर होतं. फोटोंत सीट स्वच्छ. दारांची आतली बाजू स्वच्छ. डॅशबोर्ड तर पुसून लख्ख. माझ्याआधी ज्याने फाईल पाहिली त्याने टिपण ठेवलं होतं: पाण्याची खूण आढळत नाही, मालकाचं म्हणणं फोटोंशी जुळत नाही. तो चुकीचं काहीच लिहीत नव्हता. फोटोत खरंच काही नव्हतं.

पण फोटोच्या कडेला सोसायटीची भिंत आली होती, आणि त्या भिंतीवर चिखलाचा पट्टा होता, दिव्याच्या बटणाच्याही वर. ती गल्ली मला ठाऊक होती. माझी मावसबहीण त्याच रस्त्यावर राहते आणि तिच्या घरात पाणी ओट्याला लागलं होतं. मी फोन केला. युनिव्हर्सिटीतून निवृत्त झालेले गृहस्थ, जुन्या बडोद्याचं स्वच्छ मराठी. “काका, गाडी आतून इतकी कोरडी कशी?” ते जरा दुखावल्यासारखे झाले. “अहो, एवढा राडा होता आत. अशा घाणीचे फोटो कुणाला कसे पाठवायचे? आम्ही दोघांनी बसून आधी सगळी पुसून घेतली.”

सीट बेल्टची युक्ती मला आमच्या कोल्हापूरच्या एका सहकाऱ्याने शिकवली होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचा पूर त्याने घरात आणि कामात दोन्हीकडे पाहिला आहे. “ताई, बेल्ट पूर्ण ओढायला सांगा,” तो म्हणायचा, “लोक सीट धुतात, बेल्ट कुणी धूत नाही.” बेल्ट खांबाच्या आत गुंडाळलेला असतो. पाणी तिथवर गेलं की गाळ त्याच्या घड्यांत शिरतो आणि वर ओढून काढला की पट्टीवर कोरडा आणि माखलेला भाग वेगळा दिसतो. मी काकांना सांगितलं, ड्रायव्हरच्या बाजूचा बेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढा आणि तसाच धरून फोटो काढा. फोटोत काकूंचा हात आला होता, हिरव्या बांगड्या, आणि हातात ताणून धरलेली काळी पट्टी. खालचा निम्मा भाग गाळाने राखाडी झालेला. रेघ सीटच्या कितीतरी वर. टिपण बदललं, क्लेम पास झाला. गणपती ७ सप्टेंबरला होते. काकांनी आरतीला यायचं आमंत्रण दिलं. कंपनीच्या नियमात ते बसत नाही म्हणून गेले नाही, पण आनंद झाला.

त्या दिवसांपासून एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. ही फाईल माझ्याकडे आली म्हणून भिंत मला दिसली. ती नागपूरच्या किंवा लखनौच्या एखाद्या चांगल्या, मेहनती माणसाकडे गेली असती तर त्याला ती नुसती भिंत वाटली असती. आणि मी रोज ज्या गावांच्या फायली बघते त्या गावांतल्या भिंती मला ठाऊक नाहीत. नांदेडमध्ये गोदावरी कुठे चढते, कुठल्या घाटात उतारावर ट्रक मागे सरकतात, विदर्भातल्या कुठल्या रस्त्यावर रानडुकरं आडवी येतात, हे तिथल्या माणसाला न विचारता कळतं. मला विचारावं लागेल. म्हणून आता कुठलीही फाईल नामंजुरीकडे झुकायला लागली की आधी मालकाला फोन करते, आणि गाडीबद्दल विचारायच्या आधी जागेबद्दल विचारते. रस्ता कसा आहे, पाणी कुठून आलं, शेजाऱ्यांच्या गाड्यांचं काय झालं. कधी उत्तरातून क्लेम उभा राहतो, कधी पडतो. दोन्ही वेळी निर्णय जास्त खरा असतो.

फोनने सगळं सुटतं असं नाही. पुरात सगळ्यात जास्त नकार मी दिले ते दुचाकींना. २०१८ च्या सप्टेंबरपासून नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो, मोटारीला तीन वर्षांचा. शोरूममधून कागद मिळतो, त्यावर पाच वर्षांनंतरची तारीख असते, आणि माणूस निश्चिंत होतो. पण ती तारीख दुसऱ्याला झालेल्या इजेची, नुकसानीची. स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून देणारा भाग बहुतेक वेळा फक्त पहिल्या वर्षाचा असतो, आणि तो दरवर्षी वेगळा नव्याने भरावा लागतो. एका मुलीने स्कूटरची पॉलिसी पाठवली होती. नर्सिंगचं शिकत होती, स्कूटर दोन वर्षांची, दोन दिवस पाण्याखाली. “मॅडम, अजून तीन वर्षं बाकी आहेत ना त्यात?” पहिल्याच पानावर दोन तारखा शेजारी शेजारी छापलेल्या होत्या. ती वाचत गेली आणि मी ऐकत राहिले. तिचा क्लेम नामंजूरच झाला, दुसरा मार्ग नव्हता. तो नकार मी तिला पत्र जायच्या आधी, तिच्या भाषेत, आवाजाने सांगितला. सेल्फ न मारता स्पार्क प्लग काढून, ऑईल बदलून घे, इंजिन वाचेल, हेही सांगितलं. नंतर तिने कळवलं, गाडी चालू झाली.

नकाराच्या प्रत्येक फोनवर मी पुढची वाटही सांगते. आधी कंपनीच्याच तक्रार विभागाकडे लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जा. गुजरातचं कार्यालय अहमदाबादला आहे, फी लागत नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात. हे पत्रातही असतं, शेवटच्या परिच्छेदात, इंग्रजीत. तिथवर कितीजण वाचतात? माझ्याच निर्णयाविरुद्ध कुठे जायचं हे मीच सांगायचं, यात काहींना विचित्र वाटतं. मला त्यात काही विचित्र वाटत नाही. निर्णय माझा असला तरी हक्क त्यांचा आहे.

या वर्षीच्या आढाव्यात मी वरिष्ठांना लिहून दिलं आहे की फाईलमागे फोनसाठी एक रकाना असावा, केला की नाही, किती वेळ बोललात, काय कळलं, आणि तो वेळ दिवसाच्या कामात धरला जावा. निदान नामंजुरीच्या फायलींपुरता तरी. कोल्हापूरच्या सहकाऱ्यानेही त्यावर सही केली, नागपूरच्या दोघींनी केली. ‘विचार चालू आहे’ असं उत्तर आलंय. तोपर्यंत लॉगिनच्या आधीचा अर्धा तास मी त्यासाठी ठेवते. साडेनऊला पहिला नंबर लावते, कारण त्या वेळी दुकानं उघडायची असतात, मुलं शाळेत गेलेली असतात आणि माणसं दोन मिनिटं बोलायला मोकळी असतात. उद्याच्या यादीत बीडचे एक टेम्पोवाले आहेत. त्यांच्या फोटोत टेम्पोचं मागचं दार दिसत नाही, आणि नुकसान मागच्या दाराचं लिहिलंय. काय झालं ते त्यांनाच विचारणार आहे.